नाक्यापलीकडचं स्वातंत्र्य

संघात राहून एखाद्या देशाचं नुकसान होत असेल, तर त्यानं सरळ बाहेर का पडू नये? २३ जून २०१६ रोजी ब्रिटनच्या मतदारांनी जवळजवळ ५२ टक्के मतांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला, तेव्हापासून हा प्रश्न आपल्याकडेही वारंवार विचारला जातो. स्वतःचे कायदे, स्वतःचं चलन, स्वतःची जकात, कुणाची परवानगी नको: यात वाईट काय, असं कुणालाही वाटेल. या प्रश्नाचं उत्तर शोधायला लंडनपर्यंत जायची गरज नाही. पंचाहत्तरहून अधिक वर्षांपूर्वी दख्खनमधल्या एका मोठ्या संस्थानानं नेमका हाच हट्ट धरला होता आणि त्या संस्थानातले पाच जिल्हे मराठी बोलत होते. त्याच्या राजधानीत, फुलबाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या जामबागेत, मराठी माणसांनी उभी केलेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था आजही आहे. या प्रकरणात हैदराबादच्या त्या हट्टाचा हिशेब मांडायचा आहे.

१. संघ म्हणजे दोन गोष्टी

राजकीय आणि आर्थिक संघ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच वस्तू येते. खरं तर त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे सामायिक व्यवहार. एकाच्या गावचा कापूस दुसऱ्याच्या बंदरातून जातो, एकाची रेल्वे दुसऱ्याच्या रुळांना जोडलेली असते, एकाचं नाणं दुसऱ्याच्या बाजारात चालतं. दुसरी म्हणजे सामायिक निर्णय. या व्यवहारांचे नियम कुणी ठरवायचे, दर कुणी बांधायचे, भांडण झालं तर निवाडा कुणी करायचा, आणि या सगळ्यात माझं मत किती धरलं जाणार? शहरातल्या हाउसिंग सोसायटीचा विचार केला तर हा फरक चटकन कळतो. वैतागून एखाद्यानं सोसायटीचं सभासदत्व सोडलं, पण राहतं घर सोडलं नाही, तर पाण्याची टाकी, जिना आणि फाटक त्याला तेच वापरावं लागतं. देखभालीचे पैसेही या ना त्या नावानं द्यावेच लागतात. गेलेलं असतं ते फक्त सर्वसाधारण सभेतलं मत.

देशांना तर घर बदलण्याची सोयच नसते. भूगोल जिथे ठेवतो तिथेच राहावं लागतं. म्हणून बाहेर पडावं की नाही हे तपासताना मी एकच प्रश्न मुख्य मानतो: बाहेर पडल्यावर शेजाऱ्यावरचं अवलंबन संपणार आहे, की त्याच्या निर्णयांतला आपला आवाज तेवढा संपणार आहे? अवलंबन तसंच राहून आवाज जाणार असेल तर तो सौदा तोट्याचा. आणि संघात मुळात आवाजच नसेल, तर बाहेर पडण्याची मागणी कितीही महाग असली तरी तिला नैतिक वजन येतं. ही कसोटी हैदराबादला लावून पाहू.

२. हैदराबाद आत होतं की बाहेर?

कायद्याचा कीस काढला तर १९४७ साली हैदराबाद भारतातून बाहेर पडलंच नाही, कारण ते स्वतंत्र भारतात कधी आलंच नव्हतं. ब्रिटिशांची अधिसत्ता संपल्यावर आपण स्वतंत्र सार्वभौम होतो, अशी भूमिका निजाम मीर उस्मान अली खान यांनी जून १९४७ मध्येच फर्मान काढून जाहीर केली होती. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा प्रदेश, १९४१ च्या शिरगणतीत १ कोटी ६० लाखांहून अधिक लोक, सोळा जिल्हे. स्वतंत्र देश म्हणून मिरवायला हे आकडे पुरेसे भरभक्कम होते.

पण कायदा बाजूला ठेवून रुळांकडे पाहिलं की दुसरंच चित्र दिसतं. मनमाडहून निघालेली मीटरगेज गाडी औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जायची. वाडीहून निघालेला ब्रॉडगेजचा फाटा मुंबई-मद्रास लोहमार्गाला हैदराबाद जोडून द्यायचा. रेल्वे निजामाची, पण तिची दोन्ही टोकं ब्रिटिश हिंदुस्थानात उघडत होती. सिकंदराबादेत इंग्रजांची छावणी होती, परराष्ट्र व्यवहार इंग्रजांकडे होते आणि संस्थानाला समुद्राचा एक कोपराही नव्हता. मुंबई इलाखा, मध्य प्रांत व वऱ्हाड आणि मद्रास इलाखा यांनी त्याला चारी बाजूंनी वेढलेलं होतं. म्हणजे कागदावर काहीही असो, व्यवहारात हैदराबाद शंभराहून अधिक वर्षं एका मोठ्या आर्थिक संघाच्या आत नांदत होतं. १९४७ साली ‘सामील होणार नाही’ म्हणणं याचा प्रत्यक्ष अर्थ ‘बाहेर पडतो’ असाच होता.

३. सहाला सात

हैदराबादची स्वायत्तता खोटी होती असं मात्र म्हणता येणार नाही. स्वतःचं टपाल, स्वतःचं विमान वाहतूक खातं, १९४१ च्या कायद्यानं स्थापन झालेली स्टेट बँक आणि स्वतःचं नाणं, हाली शिक्का. ब्रिटिश रुपयाला लोक कलदार म्हणत. सहा कलदार रुपये म्हणजे सात हाली, हा दर पक्का बांधलेला होता. शिवाय सीमेवर करोडगिरी होती, म्हणजे संस्थानाची जकात, साधारणपणे मालाच्या किमतीच्या पाच टक्के.

यातून काय घडायचं ते एका उदाहरणानं पाहू. समजा जालन्याच्या एका कापड दुकानदारानं मुंबईहून ६०० कलदार रुपयांचं कापड मागवलं. हालीत त्याची किंमत ७०० रुपये. त्यावर पाच टक्के करोडगिरी, ३५ रुपये. कापड दुकानात पोचेपर्यंत ७३५ हाली झालं, रेल्वेचं भाडं आणि नाक्यावरची वाट पाहणं वेगळंच. हे ३५ रुपये मुंबईचा गिरणीमालक सोसत नव्हता. मुंबईला गिऱ्हाइकं पुष्कळ होती, जालन्याला मुंबईखेरीज बाजार नव्हता. म्हणून ते लुगडं नेसणाऱ्या बाईच्या घरातून वसूल व्हायचे. जकात आपल्या हातात असणं वेगळं आणि जकातीचा भार शेजाऱ्यावर टाकता येणं वेगळं. लहान आणि चहूकडून वेढलेल्या देशाला पहिली गोष्ट मिळते, दुसरी मिळत नाही.

नाण्याचीही तीच कथा. हालीचा भाव कलदाराला बांधलेला असल्यामुळे रुपया घसरला की हालीही घसरायचा. महागाई मुंबईत वाढली की ती नांदेडला पोचायचीच. नाण्यावर चारमिनार होता, किंमत मात्र दुसरीकडे ठरत होती. आणि संस्थानाच्या शिल्लक पैशाचा मोठा भाग कशात गुंतवलेला होता? हिंदुस्थान सरकारच्या कर्जरोख्यांत. या एका गोष्टीचं महत्त्व ऑगस्ट १९४७ नंतरच्या वर्षभरात उघड झालं.

४. तेरा महिने

१५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ हे तेरा महिने म्हणजे संघाबाहेर राहण्याचा प्रत्यक्ष प्रयोग. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि हैदराबाद यांच्यात एका वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण यांबाबत इंग्रजांच्या काळात जे चालत होतं ते तसंच चालू राहावं, एवढाच त्याचा आशय. करारानंतर हैदराबाद सरकारनं दोन वटहुकूम काढले: मौल्यवान धातू भारतात न्यायला बंदी घातली आणि भारतीय चलन संस्थानात कायदेशीर देण्याघेण्यातून बाद केलं. पाठोपाठ पाकिस्तानला २० कोटी रुपयांचं कर्ज दिल्याचं बाहेर आलं. हे कर्ज रोख नव्हतं, भारत सरकारच्याच कर्जरोख्यांच्या रूपात होतं. शेजाऱ्याशी फारकत घेऊ पाहणाऱ्या राज्याजवळ तिसऱ्याला देण्यासाठी जी मोठी पुंजी होती, ती त्याच शेजाऱ्याच्या सहीची होती. आर्थिक सार्वभौमत्वाचा यापेक्षा बोलका ताळेबंद मला माहीत नाही.

पुढे संबंध बिघडत गेले आणि भारतानं आर्थिक कोंडी केली. हैदराबादकडे काहीच नव्हतं असं नाही. सिंगरेणीचा कोळसा होता, बोधनला साखर कारखाना, शहाबादला सिमेंट, वरंगळला आझमजाही गिरणी, सिरपूरला कागद. निजामाच्या राज्यातलं हे औद्योगिक काम खरं आणि चांगलं होतं. पण पेट्रोल, औषधं, यंत्रांचे सुटे भाग, समुद्राचं मीठ बाहेरूनच यायचं. गोव्याचं मार्मागोवा बंदर मिळवण्यासाठी पोर्तुगीजांशी बोलणी झाली, पण बंदर मिळालं असतं तरी तिथवरची वाट भारतातूनच जात होती. शेवटी सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाकरवी कराचीहून विमानांनी चोरून शस्त्रं आणली गेली. जमीन भारताची, समुद्र दुसऱ्याचा, म्हणून आकाश धुंडाळावं लागलं.

कोंडी करणं न्याय्य होतं का, हा वेगळा वाद आहे आणि त्यात दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं आहे. माझा मुद्दा तेवढा व्यापक नाही. ज्याची कोंडी काही महिन्यांत होऊ शकते, त्याचं अवलंबन संपलेलं नसतं. मग जून १९४८ मध्ये गव्हर्नर जनरल माउंटबॅटन भारतातून जाण्यापूर्वी जो मसुदा निजामापुढे आला, तो नाकारण्यात काय शहाणपण होतं? त्यात अंतर्गत स्वायत्ततेला बरीच जागा होती आणि भारतात सामील होण्याचा प्रश्न जनमतावर सोपवण्याची तरतूद होती. म्हणजे अवलंबन होतं तसं राहून आवाज शाबूत राहण्याची ती वाट होती. निजाम, त्यांचे पंतप्रधान मीर लायक अली आणि रझाकार या सशस्त्र संघटनेचा नेता कासीम रझवी यांच्या ओढाताणीत ती हातची गेली. तीन महिन्यांनी, १३ सप्टेंबरला, भारतीय फौजा शिरल्या. आपण तिला पोलीस अ‍ॅक्शन म्हणतो. पाचव्या दिवशी सारं संपलं.

५. देश बाहेर राहतो म्हणजे कोण?

आतापर्यंत मी ‘हैदराबादनं ठरवलं’ असं लिहीत आलो. हे लिहिणं सोयीचं असलं तरी फसवं आहे. ब्रिटनमध्ये निदान मतदान झालं होतं. हैदराबादेत कुणी कुणाला विचारलं? सभा घ्यायची तर ‘गश्ती निशान ५३’ या परिपत्रकानुसार आधी परवानगी लागायची. १९३८ साली स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली आणि ती १९४६ मध्ये उठली. लोकांनी आपलं मत दिलं ते वेगळ्या तऱ्हेनं. ७ ऑगस्ट १९४७ रोजी स्टेट काँग्रेसनं भारतात सामील व्हा, ही मागणी घेऊन आंदोलन सुरू केलं आणि आठवडाभरात काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. सरहद्दीवरच्या कॅम्पांतून मराठवाड्यातल्या तरुणांनी जे हल्ले केले, त्यांत करोडगिरीचे नाके पुन्हा पुन्हा येतात. शेतकऱ्याच्या लेखी संस्थानाचं सार्वभौमत्व म्हणजे तो नाका आणि त्याच्या आडकाठीशी बसलेला शिपाई. ज्या प्रजेला राज्याच्या आत आवाज नाही, तिच्या नावानं राज्यकर्त्यानं संघाबाहेर आवाज मागावा, हा दावा मला पोकळ वाटतो.

मात्र आवाजाची ही गोष्ट इथेच सोडली तर आपण मराठी माणसं स्वतःला सोयीचं तेवढंच सांगितलं असं होईल. विवेकवर्धिनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभी राहिली. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीनं उर्दूच्या राज्यात मातृभाषेतल्या शिक्षणासाठी केलेली ती धडपड होती. नोव्हेंबर १९२१ मध्ये त्याच विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात निजाम संस्थानातली सामाजिक परिषद भरली. अध्यक्ष होते महर्षी कर्वे. मराठी, कानडी, इंग्रजी, उर्दूत भाषणं झाली. आलमपल्ली वेंकटरामराव तेलुगूत बोलायला उठले तेव्हा श्रोत्यांनी हुर्यो करून त्यांना बोलू दिलं नाही. संस्थानात सर्वांत जास्त लोक तेलुगू बोलत होते, आणि सुधारणेसाठी जमलेल्या सभेत त्याच भाषेला जागा मिळाली नाही. त्याच रात्री काही तेलुगू तरुण एकत्र आले आणि त्यांनी आंध्र जन संघ स्थापन केला. पुढे त्यातूनच आंध्र महासभा उभी राहिली.

मला हा प्रसंग करोडगिरीच्या दरापेक्षा महत्त्वाचा वाटतो. नाण्याचा दर, जकात, कर्ज हे सगळं नंतर येतं. एकत्र बसलेल्यांपैकी कुणाचं बोलणं ऐकलं जात नाही, तिथून फुटण्याची सुरुवात होते. आणि ऐकून न घेणारे नेहमी सत्ताधारीच असतात असं नाही. जामबागेतले ते श्रोते स्वतः सत्तेनं दाबलेले होते.

६. ‘पण स्वाभिमानाचं काय?’

पहिला आक्षेप नेहमी हाच असतो. भाकरी आणि स्वातंत्र्य एका तराजूत तोलता येत नाहीत. सगळ्या देशांनी असा हिशेब केला असता तर इंग्रजांच्या साम्राज्यातून तरी कोण बाहेर पडलं असतं? हा आक्षेप मला मान्य आहे आणि माझ्या कसोटीतच त्याचं उत्तर आहे. इंग्रजी साम्राज्यात हिंदी माणसाला निर्णयात आवाज नव्हता. बाहेर पडून त्यानं जे गमावलं ते त्याच्या हातात कधी नव्हतंच. युरोपीय संघात ब्रिटनला मत होतं, मंत्री होते, काही विषयांत नकाराधिकारही होता. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडलं. त्यानंतरही युरोपात माल विकायचा तर युरोपचेच नियम पाळावे लागतात, फक्त ते नियम ठरवणाऱ्या टेबलाशी आता ब्रिटन नसतं. ब्रिटनच्याच अंदाजपत्रकीय कार्यालयाचा अंदाज असा की या निर्णयामुळे दीर्घकाळात देशाची उत्पादकता सुमारे चार टक्क्यांनी कमी राहील. स्वाभिमानासाठी एवढी किंमत मोजावी, असं कुणाला प्रामाणिकपणे वाटू शकतं. पण किंमत नाही असं सांगून मत मागणं हे मतदाराचा स्वाभिमान राखणं नव्हे.

दुसरा आक्षेप सिंगापूरचा. ९ ऑगस्ट १९६५ रोजी ते मलेशियापासून वेगळं झालं आणि कुठच्या कुठे गेलं. खरं आहे. पण सिंगापूरजवळ जगातल्या मोठ्या जलमार्गावरचं बंदर होतं. हैदराबादजवळ नेमकं तेच नव्हतं. आणि सिंगापूरचं पिण्याचं पाणी मलेशियातल्या जोहोरमधून यायचं. म्हणून १९६१ आणि १९६२ चे पाणीकरार पाळण्याची हमी विभक्त होण्याच्या करारातच लिहून घेतली गेली. बाहेर पडणाऱ्यानं सगळ्यात आधी कशाची सोय लावली, तर ज्यासाठी शेजारी लागणार होता त्याची. निजामाच्या सल्लागारांनी हा क्रम उलटा केला.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. हैदराबाद संघात आलं ते मतपेटीतून नव्हे, रणगाड्यांच्या मागून. मग जनमताचा आग्रह धरणाऱ्यानं याचं समर्थन कसं करायचं? फौजा आल्यावर मराठवाड्यातल्या बहुसंख्य गावांत आनंद झाला, हे खरं. त्याच दिवसांत आणि नंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या भागांत हजारो निरपराध मुसलमान मारले गेले, हेही खरं. भारत सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला आणि तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही. रझाकारांच्या अत्याचारांनी याची फेड होत नाही. रझवीच्या हट्टाची किंमत लोहारकी-सुतारकी करणाऱ्या, शेत कसणाऱ्या माणसांनी मोजली. त्यांनाही कुणी काही विचारलं नव्हतं. मी एवढंच म्हणेन की १९५२ च्या निवडणुकीत या प्रदेशातल्या प्रत्येक प्रौढाला पहिल्यांदा मत मिळालं, आणि नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामानं स्वीकारलेल्या राज्यघटनेमुळे ते मिळालं. संघात येण्याची रीत सदोष होती. संघात आल्यावर मिळालेला आवाज खरा होता. दोन्ही वाक्यं एकत्र धरूनच हा इतिहास वाचावा लागतो.

७. आत राहून वेगळं होणं

हैदराबाद राज्य पुढे फार काळ टिकलं नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याचे तीन तुकडे झाले: मराठवाडा मुंबई राज्यात, कानडी जिल्हे म्हैसूरकडे, तेलंगण आंध्रात. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फझल अली आयोगानं तेलंगणच्या बाबतीत घाई करू नये असं सुचवलं होतं: काही वर्षं वेगळं ठेवावं आणि १९६१ च्या सुमाराच्या निवडणुकीनंतर तिथल्या विधानसभेनं दोन तृतीयांश मतांनी मान्य केलं तरच आंध्रात घालावं. ते मानलं गेलं नाही. त्याऐवजी २० फेब्रुवारी १९५६ रोजी दोन्हीकडच्या नेत्यांनी जंटलमन्स अ‍ॅग्रीमेंट केलं. नोकऱ्या, जमीन, महसुलाचा खर्च याबद्दलची त्यातली आश्वासनं पाळली गेली नाहीत, ही तक्रार १९६९ च्या आंदोलनात पेटली आणि २ जून २०१४ रोजी तेलंगण वेगळं राज्य झालं.

ही फारकत निजामाच्या हट्टासारखी नव्हती. नाणं तेच राहिलं, सीमेवर नाका आला नाही, विजयवाड्याचा माणूस हैदराबादेत परदेशी झाला नाही. अवलंबन जसंच्या तसं, पण आवाज वाढला. माझ्या कसोटीवर हे वेगळं होणं उतरतं. तरीही हिशेब सोपा गेला नाही. एकत्र आंध्राच्या वाट्याला कृष्णेचं ८११ टीएमसी पाणी होतं. २०१५ च्या तात्पुरत्या व्यवस्थेत त्यातलं ५१२ आंध्र प्रदेशाला आणि २९९ तेलंगणला अशी विभागणी झाली, आणि त्यावरचं भांडण अजून चालू आहे. वीजमंडळांची थकबाकी, महामंडळांची मालमत्ता यांवर दोन्ही सरकारं कोर्टात गेली. दहा वर्षं हैदराबाद दोघांची राजधानी राहिली आणि ती मुदत जून २०२४ मध्ये संपली तेव्हाही सगळ्या वाटण्या झालेल्या नव्हत्या. एकाच घटनेखाली, एकाच चलनात, एकाच सर्वोच्च न्यायालयापुढे उभ्या असलेल्या दोन राज्यांची ही अवस्था. दोन देशांमध्ये निवाडा करायला वरचं कुणी नसतं.

आणि या सगळ्या वाटण्यांत एक गट असा होता की त्याला कुठल्याच बाजूची बोलणी लागू पडली नाहीत. १९५६ साली मराठवाडा पलीकडे गेला, पण जामबाग, इसामिया बाजार, सुलतान बाजार या भागांतली मराठी घरं तिथेच राहिली. ज्या राज्यात त्यांची भाषा तीन मोठ्या भाषांतली एक होती, तिथे ती एका दिवसात अल्पसंख्य झाली. २०१४ मध्ये त्यांचं राज्य पुन्हा बदललं, पत्ता तोच. सीमा आखणारा आयोग जिल्हे मोजतो, तालुके मोजतो. शहरातल्या चार गल्ल्यांसाठी त्याच्याकडे रकाना नसतो. भाषिक अल्पसंख्याकांसाठी राज्यघटनेत १९५६ सालीच ३५० अ हे कलम आलं, ज्यानुसार प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय राज्यानं करायची असते. ती प्रत्यक्षात किती मिळाली, हे पाहायला घटनेत विशेष अधिकाऱ्याची तरतूद असली, तरी फारकतीच्या करारात त्यासाठी स्वतंत्र माणूस सहसा नेमलेला नसतो. पुढची कुठलीही फारकत ठरवताना पाणी, वीज आणि कर्ज यांच्या जोडीला हा एक माणूस करारातच नेमून घ्यायला हवा.